उघड्या तोंडाचे पाकीट

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. तापल्याशिवाय माझ्याकडून काम होत नाही, आणि तापायला मला वेळ लागतो. ज्याला तेवढा धीर धरवत नाही त्याने माझ्या वाटेला जाऊ नये. मी एक जुने लॅमिनेशनचे मशीन आहे. झेरॉक्सच्या एका लहानशा दुकानात, काउंटरच्या डाव्या टोकाला माझी जागा आहे. माझ्या पाठीवर दोन दिवे आहेत, एक लाल आणि एक हिरवा. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे द्या. एवढेच मला बोलता येते. यंदा या घरात जे घडले ते पाहताना मला आणखी चार शब्द येत असते तर मी ते मालकांच्या कानात ओरडून सांगितले असते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात रबराचे रोलर बसवले, त्यांना ऊब देणारी पट्टी बसवली आणि वरून राखाडी झाकण लावले. मग एका तपासनिसाने कोरा कागद प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून माझ्या तोंडी दिला. तो दुसऱ्या बाजूने चकचकीत होऊन बाहेर आला. तपासनिसाने तो वाकवून पाहिला, कोपऱ्यात नख खुपसून सोलून पाहिला, आणि म्हणाला, "हे काही सुटायचं नाही." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. ते मी बरीच वर्षे मिरवले. पुढे त्याच गुणाने माझ्या डोक्याला ताप झाला, पण ते यथावकाश सांगते.

मला विकत घेतले ते या दुकानाच्या मालकांनी. मालक म्हणजे हडकुळे, जाड चष्म्याचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. पुढे दुकान आणि मागे दोन खोल्यांचे घर. मला खोक्यातून काढल्याबरोबर त्यांनी आतून एक कागद आणला. तो त्यांचा शाळेचा दाखला होता. ते तरुण असताना वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा नळ रात्रभर वाहत राहिला, पाणी छतातून पेटीत झिरपले आणि दाखल्याची शाई धुऊन गेली. नवा दाखला हाती येईपर्यंत कॉलेजचे प्रवेश संपले होते. पुढच्या वर्षी घराची जबाबदारी अंगावर पडली आणि शिक्षण राहिले ते राहिलेच. तो निळ्या डागांचा कागद मालकांनी मला दिला. अक्षरे आधीच गेली होती, मी डाग तेवढे जपले. काउंटरमागच्या भिंतीवर तो अजून लावलेला आहे.

"कागद उघडा राहिला की गेला," असे मालक येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. लोक ऐकत, भिंतीकडे बघत आणि माझ्यापुढे रांग लावत. काय काय म्हणून मी जपले नाही! परीक्षेची प्रमाणपत्रे, बसचे पास, खानावळींची दरपत्रके, एका आजोबांना त्यांच्या नातीने काढून दिलेले हिरव्या रंगाचे मांजर. त्या आजोबांनी मांजर उन्हात धरून पाहिले आणि माझ्या झाकणावर प्रेमाने थोपटले. असे दिवस होते ते.

घरात तर मालकांनी काही बाकी ठेवले नव्हते. विजेचे बिल आले की लॅमिनेट. डॉक्टरची चिठ्ठी, गॅसच्या शेगडीची माहिती, छोटीची प्रगतिपुस्तके, सगळे माझ्या पोटातून जाऊन कपाटात उभे राही. छोटी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आता ती बापापेक्षा चांगली वीतभर उंच झाली आहे, तरी छोटीच. मालकीणबाई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहेत. दिवसभर चादरी हाताळून त्या घरी येत आणि काउंटरवर नवा चकचकीत कागद दिसला की म्हणत, "एक दिवस मलाही घालाल त्या मशीनमध्ये, म्हणजे सुरकुत्या तरी पडायच्या नाहीत." मालक यावर नुसते हसत आणि पुढचा पाऊच काढत.

मग लोकांच्या खिशात ते चपटे फोन आले. ज्याला त्याला कागदाचा फोटो पुरेसा वाटू लागला. माझ्यापुढची रांग आटली. मला उशीच्या जुन्या अभ्र्याने झाकून टाकले गेले. अभ्र्यावर आधी किल्ल्या आल्या, मग डबा, मग मालकीणबाईंची ओली छत्री. तापट स्वभावाच्या यंत्राला गार पडून राहण्यासारखा दुसरा जाच नाही. वर्षाकाठी माझे एक काम मात्र ठरलेले होते. मालकांचे कराचे विवरणपत्र शिक्क्यानिशी परत आले, की त्याच संध्याकाळी अभ्रा निघे, लाल दिवा लागे आणि ते पत्र माझ्या हवाली होई. मालकीणबाईंच्या विवरणपत्राचीही तीच गत. मी त्या दिवसाची वाट बघत असे.

यंदा छोटीला कॉलेजात जागा मिळाली. कॉलेज दुसऱ्या शहरात, आणि फी अशी की वाचताना मालकांनी चष्मा काढून पुसला. पण पत्राच्या खाली लिहिले होते की गरजू विद्यार्थ्यांना आर्थिक मदत मिळते, त्यासाठी अर्ज करावा. मदत मिळाली तर छोटी जाणार, नाही मिळाली तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार, इतका सरळ हिशेब होता. अर्जाची शेवटची तारीख फार लांब नव्हती.

अर्ज आधी कॉम्प्युटरवर भरायचा आणि मग छापून, सह्या करून, कागदपत्रांसह कॉलेजच्या खिडकीवर द्यायचा, अशी रीत होती. छोटी दुकानातल्या कॉम्प्युटरपुढे बसली. मालक तिच्या मागे उभे. मी शेजारीच, अभ्र्याखाली. मित्रांनो, तो अर्ज कुणी तयार केला मला ठाऊक नाही, पण तो माणूस माझ्या हाती लागला असता तर मी त्याला दोन्ही बाजूंनी प्लास्टिक लावले असते. एका पानावर वडिलांचे उत्पन्न विचारायचे, तेच तिसऱ्या पानावर वेगळ्या नावाने विचारायचे आणि दोन्हींत फरक पडला की तांबड्या अक्षरांत दम द्यायचा. छोटी उत्तर शोधायला कपाटाकडे गेली की इकडे अर्ज आपोआप बंद.

"बाबा, परत पहिलं पान आलं."

"मगाशी भरलेलं?"

"गेलं सगळं. तुमचं नावसुद्धा."

"माझं नाव कुठं जाईल," मालक म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

अशा वेळी मामा आले नाहीत असे कधी झालेले नाही. मामा म्हणजे मालकीणबाईंचे धाकटे भाऊ. त्यांनी स्वतःचा कर कधी वेळेवर भरलेला नाही, पण कर या विषयावर ते तासभर बोलू शकतात. त्यांनी खुर्ची ओढली, विवरणपत्रातला सगळ्यात वरचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "हा लिही. भरदार दिसतो. अर्जावर वजन पडलं पाहिजे."

"मामा, ती दुकानाची वर्षाची उलाढाल आहे. त्यातून कागद, शाई, भाडं, वीज सगळं जायचंय."

"अगं, पण त्यांना कळायला नको का, आपण काही अगदीच हे नाही ते?"

"आपण अगदीच हे आहोत म्हणूनच अर्ज करतोय ना?"

छोटीने खर्च वजा जाऊन उरलेला खालचा आकडा लिहिला. तो आकडा पडद्यावर दिसताच मालक उगाच झेरॉक्सच्या मशीनमधले कागद सारखे करायला गेले. वर्षानुवर्षे त्यांनी तो आकडा माझ्याकडून जपून घेतला होता, पण आपल्या मुलीने तो टाइप करताना बघायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

अखेर अर्ज भरून झाला. शेवटच्या पानावर लिहिले होते की आईवडिलांची गेल्या दोन वर्षांची विवरणपत्रे मूळ स्वरूपात आणावीत. ते वाचून मालक खूश झाले. त्यांनी कपाट उघडले आणि चारही विवरणपत्रे काउंटरवर मांडली. एकाला सुरकुती नाही, एकावर डाग नाही.

"बघ," ते मामांना म्हणाले. "तू हसायचास ना मला?"

मामांनी मान डोलावली. अभ्र्याखाली माझीही छाती फुगली होती, खोटे कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी बापलेक पहाटेच्या गाडीने गेली आणि दिवेलागणीला परत आली. मालकांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि ते स्टुलावर बसून राहिले. छोटीच्या अंगठ्याला जांभळी शाई लागली होती.

"झालं काम?" मालकीणबाईंनी आतून विचारले.

छोटीने त्यांना अंगठा दाखवला. "हे झालं. मूळ कागदावर खिडकीतल्या बाई पडताळणीचा शिक्का मारतात आणि कोपऱ्यात अर्जाचा नंबर लिहितात. त्याशिवाय अर्ज घेत नाहीत. त्यांनी मारून पाहिला. दोनदा पाहिला. म्हणाल्या, बाळ, मी मारते शिक्का, पण तो तुझ्या बोटाला लागून घरी जाईल."

"मग?"

"मग रुमालानं पुसून दिले कागद. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, पेन उठत नाही. साधे कागद आणा म्हणाल्या."

मालक उठले. त्यांनी माझ्यावरची छत्री खाली टाकली, अभ्रा ओढून काढला आणि मला चालू केले. त्यांचा विचार माझ्या लक्षात आला आणि मी मनात हात जोडले. ज्या उष्णतेने चिकटले त्याच उष्णतेने सुटेल, असे त्यांना वाटत होते. इतकी वर्षे हा धंदा केलेल्या माणसाला हे कळू नये? हिरवा दिवा लागताच त्यांनी गेल्या वर्षीचे विवरणपत्र पुन्हा माझ्यात घातले. मी काय करणार? तोंडात आलेली वस्तू दाबून पुढे ढकलणे एवढेच मला येते. ते आणखी पक्के चिकटून बाहेर आले. त्यांनी पुन्हा घातले. मग त्यांनी ब्लेडने कड कापली, कोपरा उचलला आणि जपून, अगदी जपून, वरचे प्लास्टिक ओढायला सुरुवात केली. प्लास्टिक सुटले, पण कागदाची साल घेऊनच सुटले. आकडे प्लास्टिकवर उलटे चिकटून आले आणि मालकांच्या हातात चिंधीसारखा पांढरा कागद उरला.

त्यांनी माझ्या झाकणावर जोरात थाप मारली. "तुझ्यापायी झालं हे सगळं."

मित्रांनो, त्या वेळी मला जे वाटले ते मी आजवर कुणाला सांगितले नाही. माझ्यापायी? मी कपाट उघडून कागद घेतला होता? मी स्वतःहून चालू झाले होते? ज्या गुणासाठी मला विकत घेतले, ज्याच्यासाठी माझी पाठ थोपटली, तोच आता माझा गुन्हा ठरला. लाल दिवा पेटवून मी तशीच बसले, कारण दुसरे काही करणे माझ्या हाती नव्हते. राग मलाही येतो, पण तो गिळावा लागतो.

माझ्या वाटचे छोटी बोलली. "मशीनला कशाला मारता? त्याला काय कळतंय? तुम्हाला कळायला हवं होतं."

"मी तुझ्याचसाठी जपले ना गं."

"माझ्यासाठी नाही, बाबा. त्या भिंतीवरच्या दाखल्यासाठी जपले. तुम्हाला कागद टिकवायचे होते की मला शिकवायचं होतं, ते एकदा ठरवा."

हे बोलून झाल्यावर तिचे तिलाच ते जड गेले. ती आत निघून गेली. मालकांनी सोललेला कागद टाकून न देता घडी करून खिशात ठेवला. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. "भांडून शिक्का बसणार असेल तर मीही भांडते," त्या म्हणाल्या. "नाहीतर उद्या कर कार्यालयात जा आणि दुसऱ्या प्रती मागा. मी माझ्या मागते."

कर कार्यालयाच्या हेलपाट्यांचे मी किती ऐकले! मालक रोज संध्याकाळी येऊन सांगत आणि रोज माझा जीव खालीवर होई. पहिल्या दिवशी दुसऱ्या प्रतीसाठी वेगळा अर्ज लागतो हे कळले. तो अर्ज जिथे मिळतो ती खिडकी जेवणानंतर उघडत नाही हे दुसऱ्या दिवशी कळले. मग ज्यांची सही लागते ते साहेब बैठकीला गेलेले, आणि ते परत आले तेव्हा छपाईची शाई संपलेली. मामा एकदा सोबत गेले आणि तिथल्या कारकुनाला नियम समजावून सांगू लागले, त्यामुळे त्या दिवशी जवळजवळ होत आलेले कामही झाले नाही. शेवटच्या तारखेचा विषय घरात कुणी काढेनासे झाले. छोटी दुकानात झेरॉक्स काढत बसे आणि गिऱ्हाइकांना कागद उलटे देई.

एक गोष्ट मात्र घडली, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दुसरी प्रत शोधायला जुन्या विवरणपत्राचा क्रमांक लागतो. मालकांनी सोललेल्या कागदावरचा क्रमांक गेला होता. मात्र त्याच्या आधीच्या वर्षाचे पत्र माझ्या प्लास्टिकमध्ये जसेच्या तसे होते. कारकुनाने ते दिव्याखाली धरले आणि एका दमात क्रमांक वाचला. त्यावरून त्याला खाते सापडले आणि खात्यावरून बाकीचे कागद. "हे लॅमिनेट केलेलं होतं म्हणून बरं," असे तो म्हणाला. मालकांनी हे घरी सांगितले खरे, पण माझ्याकडे न बघता सांगितले. एवढे मला पुरले, असे मी म्हणणार नाही.

तारीख अगदी तोंडावर आलेली असताना चारही प्रती हातात आल्या. साधा, पातळ, पांढरा कागद, खाली साहेबांची ओली सही. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अर्जावर सह्या झाल्या, कागद क्रमाने लागले. सकाळच्या गाडीने निघायचे ठरले. मालकीणबाई आणि छोटी आत जेवणाचे बघू लागल्या आणि दुकानात मालक, तो अर्ज आणि मी एवढेच उरलो.

मालकांना चैन पडेना. त्यांनी कागद काउंटरवर ठेवले. तिथे कुणाचा पाण्याचा पेला सांडेल म्हणून उचलून फळीवर ठेवले. फळीच्या वर छत होते आणि छताच्या वर वरच्या मजल्याचा नळ. त्यांनी छताकडे बघितले, भिंतीवरच्या निळ्या डागांकडे बघितले आणि कागद छातीशी धरले. मग त्यांचा उजवा हात आपोआप खणाकडे गेला. पाऊच निघाला. माझे बटण दाबले गेले.

लाल दिवा लागला आणि मी तापू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटले की आपण तापू नये. पट्टी जळावी, रोलर अडकावा, वीज जावी. यातले काहीही झाले नाही. मी नेहमीच्या इमानदारीने तापले आणि हिरवा दिवा लावला. चांगल्या प्रतीच्या मालाचा असा संताप येतो कधीकधी. मालकांनी पाऊच उघडून त्यात वरचे विवरणपत्र सरकवले होते. ते तसेच हातात धरून ते माझ्यापुढे उभे होते.

"बाबा." छोटी दारात होती. तिने आवाज चढवला नाही. "अजून शिक्का बसायचाय त्याच्यावर."

"माहीत आहे गं."

"मग?"

मालकांनी पुन्हा छताकडे पाहिले. "उघडे ठेववत नाहीत," ते म्हणाले. "वरचा नळ फुटला तर?"

"फुटला तर परत जाऊ कर कार्यालयात."

"तारीख गेली तर?"

"गेली तर मी रडीन. तुम्हीही रडा. पण हे त्यात घातलंत तर नळ न फुटताच गेली म्हणून समजा." ती पुढे आली आणि तिने त्यांच्या हाताला हात लावला, पण पाऊच ओढून घेतला नाही. "मी त्या दिवशी फार बोलले. दाखल्याचं बोलायला नको होतं."

"खरं तेच बोललीस," मालक म्हणाले. त्यांनी विवरणपत्र पाऊचमधून काढले आणि तिच्या हातात दिले. मग रिकामा पाऊच हातात घेऊन ते उभे राहिले. माझा हिरवा दिवा लागलेलाच होता. मी तयार होते आणि मला द्यायला त्यांच्याकडे काही नव्हते.

तेवढ्यात त्यांची नजर खालच्या टोपलीत गेली. आमच्या दुकानात नावाचे स्टिकर छापतात. स्टिकर सोलून घेतले की मागे एक गुळगुळीत कागद उरतो. त्याला गोंद धरत नाही, आणि माझे वितळलेले प्लास्टिकही धरत नाही. मालकांनी तसा एक कागद उचलला, खणातला सगळ्यात मोठा पाऊच काढला आणि तो गुळगुळीत कागद त्यात असा घातला की तीन बाजूंना कड मोकळी राहील आणि चौथ्या बाजूने कागद बाहेर डोकावेल.

"काय करताय?" छोटीने विचारले.

"बघ तर."

त्यांनी ते माझ्या तोंडी दिले. मला काही उमगेना, पण तीन कडा मी घट्ट धरल्या आणि मधल्या भागावर माझे काही चालले नाही. पाऊच गार झाल्यावर मालकांनी आतला गुळगुळीत कागद ओढून काढला आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यातून एक गोष्ट उघड्या तोंडाने बाहेर पडली. ते एक पाकीट होते. स्वच्छ, पारदर्शक, तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने मोकळे. मालकांनी चारही विवरणपत्रे आणि अर्ज त्यात सरकवले. मग बाहेर काढले. पुन्हा सरकवले. एखादे मूल नवे खेळणे घेऊन बसावे तसे ते कितीतरी वेळ आत-बाहेर करत राहिले आणि छोटी त्यांच्याकडे बघून डोळे पुसता पुसता हसली.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट पाहताच कपाळाला हात लावला म्हणे. मालकांनी पटकन कागद बाहेर काढून दाखवले, तेव्हा त्यांनी शिक्का उचलला. शिक्का बसला. नंबर लिहिला गेला. त्यानंतर हे पाकीट कसे करायचे ते मला सांगाल का, असे त्या बाईंनीच विचारले, निदान मालक तरी तसे सांगतात.

मदत मंजूर झाल्याचे पत्र आले त्या दिवशी दुकान लवकर बंद झाले. मालकीणबाईंनी पत्र मोठ्याने वाचले आणि शेवटच्या ओळीशी थांबल्या. "ही मदत एका वर्षापुरती आहे. पुढील वर्षी नव्या विवरणपत्रांसह पुन्हा अर्ज करावा."

"पुन्हा?" मालक म्हणाले.

"सगळा?" छोटी म्हणाली.

मामांनी घसा खाकरला. "पुढच्या वर्षी मी आधीपासून लक्ष घालतो," ते म्हणाले, आणि तिघांनी एकदम "नको" म्हटले.

छोटी कॉलेजला गेली. मी पुन्हा कामाला लागले आहे, अभ्र्याशिवाय. उघड्या तोंडाची पाकिटे लोकांना आवडतात. यंदाची विवरणपत्रे तसल्याच एका पाकिटात माझ्या शेजारी ठेवलेली आहेत. मालक जाता-येता छताकडे बघतात, पाकिटाकडे बघतात आणि हात मागे घेतात. "कागद उघडा राहिला की गेला," असे ते आता म्हणत नाहीत. कुणी काही लॅमिनेट करायला आणले की आधी विचारतात, "यावर अजून काही लिहायचं, शिक्का मारायचा राहिलाय का?" बरेच जण विचार करतात आणि कागद परत घेऊन जातात. धंदा थोडा बुडतो, पण माझी तक्रार नाही. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला पुसत जा, तापायला वेळ द्या, आणि माझ्यात काही घालण्याआधी तो प्रश्न स्वतःला विचारा. मी धरलेले मला सोडता येत नाही. त्यासाठी माझ्यावर हात उगारू नका.

पहिल्या सुट्टीत छोटी घरी आली. तिने पिशवीतून कॉलेजचे ओळखपत्र काढले, जाड कागदावर तिचा फोटो, खाली नाव, कॉलेजचा शिक्का आधीच बसलेला. ते तिने गिऱ्हाइकासारखे काउंटरवर ठेवले.

"करून द्या, काका," ती म्हणाली.

मालकांनी चष्मा पुसून ते दोन्ही बाजूंनी तपासले. "यावर अजून काही लिहायचं राहिलंय का?"

"नाही बाबा. हे झालं."

त्यांनी पाऊच काढला. मी तापेपर्यंत दोघे शेजारी शेजारी उभे राहिले. मग हिरवा दिवा लागला, आणि भिंतीवरच्या त्या निळ्या डागांसमोर मी छोटीचे नाव चारही बाजूंनी घट्ट धरले.